पापणी लवली तरी जीव जातो, मग अहिंसा कुठे?



आजचं चिंतन गीतेच्या तेराव्या अध्यायातलं. भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात: अमानित्व, अदंभित्व, आणि तिसरं अहिंसा. गीतेत तो एकच शब्द आहे, उच्चारून भगवंत पुढे जातात. माउली मात्र ज्ञानेश्वरीत त्या शब्दापाशी थांबतात, आणि चांगलेच थांबतात. आपण रोज थोड्या थोड्या ओव्या वाचतोय, त्यामुळे गेले कित्येक दिवस आपण या एकाच शब्दात राहतोय असं म्हटलं तरी चालेल.

या दिवसांत सत्संगातल्या एका मुलीने प्रश्न विचारला. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. म्हणाली, "दादा, मी लॅबमध्ये रोज स्पिरिटने टेबल पुसते. एका पुसण्यात किती जीव मरतात ते मला मोजता येतं. हवेतही तेच. आपण श्वास घेतो, त्यातले कित्येक आत जाऊन मरतात. मग अहिंसा म्हणजे नेमकं काय? आणि माझी रूममेट चिकन खाते, तिला मी कोणत्या तोंडाने काही सांगू?"

प्रश्न खरा आहे, आणि "अगं, एवढा विचार करायचा नसतो" असं म्हणून तो बाजूला सारण्यासारखा नाही. गंमत म्हणजे तो नवाही नाही.

महाभारतात शांतिपर्वाच्या सुरुवातीलाच तो येतो. युद्ध संपलंय, धर्मराज खचलेत, राज्य सोडून वनात जायचं म्हणतात. तेव्हा अर्जुन त्यांना सांगतो की या जगात काही जीव इतके सूक्ष्म आहेत की ते डोळ्यांना दिसत नाहीत, फक्त तर्कानेच कळतात, आणि आपली पापणी लवली तरी त्यांचे देह पडतात. म्हणजे हिंसा न करता कोणी जगूच शकत नाही, मग दंड हाती धरायला कशाला घाबरता? सूक्ष्मदर्शक यायच्या कितीतरी शतकं आधीचं हे बोलणं. आपल्याकडे अशा वेळी लगेच "बघा, आपल्या ऋषींना सगळं माहीत होतं" असा फॉरवर्ड फिरतो. मला तो मोह होत नाही. अर्जुनाने स्वतःच म्हटलंय की हे तर्काने कळतं. पाहिल्याचा दावा त्याने केलेला नाही, आणि तो प्रामाणिकपणा मला त्या श्लोकातला मोठा भाग वाटतो.

पाहायला फार वेळ लागला. बंद खोलीत खिडकीच्या फटीतून उन्हाचा कवडसा येतो, त्यात कण नाचताना दिसतात. आपल्या जुन्या मोजमापात त्या कणाला त्रसरेणू म्हणत आणि डोळ्यांना दिसणारं सर्वांत लहान माप ते धरत. त्याच्या खालचं सगळं अनुमान. 1670च्या दशकात हॉलंडमध्ये लेव्हेनहुकने स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्यातले जीव पाहिले. पण हवेत काय आहे हा वाद पुढे जवळजवळ दोनशे वर्षं चालला. अन्न नासतं ते आपोआप, की हवेतून काही येऊन पडतं म्हणून?

1860 साली लुई पाश्चरने यासाठी एक साधा, पण अंगमेहनतीचा प्रयोग केला. काचेच्या कुप्यांत पोषक द्रव उकळून त्या बंद केल्या आणि वेगवेगळ्या उंचीवर नेऊन क्षणभर उघडल्या. मैदानी मुलखात 20 कुप्या उघडल्या, त्यांतल्या 8 नासल्या. जुरा डोंगरावर 20 पैकी 5 नासल्या. आल्प्समधल्या हिमनदीवर, 2000 मीटरच्या आसपास, 20 पैकी फक्त 1. म्हणजे नासवणारं जे काही होतं ते हवेतून येत होतं, आणि ते सगळीकडे सारखं नव्हतं.

आपल्या देशातही हे काम लवकर झालं. कलकत्त्यात डेव्हिड डग्लस कनिंगहॅम नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या तुरुंगांच्या परिसरातली हवा चिकट काचेवर धरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि 1873 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. बुरशीचे बीजाणू त्यांना कायम सापडले. पण त्यांची संख्या आणि पटकी-तापाची साथ यांचा मेळ काही लागेना, आणि तसं त्यांनी लिहूनही ठेवलं. हवेत जीव आहेत, आणि त्यातले बहुतेक आपल्याला काहीही करत नाहीत. हे दुसरं वाक्य आपण सॅनिटायझरच्या जाहिराती बघत वाढलेली माणसं विसरतो. पुढे आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादच्या विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतले बीजाणू पकडायचं यंत्र बनवलं. ते टिळक एअर सॅम्पलर म्हणून ओळखलं जातं. अजिंठ्याच्या लेण्यांतल्या हवेत कोणती बुरशी आहे आणि तिने चित्रांचं काय होतं, याचाही त्यांनी अभ्यास केला.

आज आपल्याला माहीत आहे की माणूस दिवसाला दहा हजार लिटरहून जास्त हवा आत-बाहेर करतो, आणि पावसाळ्यानंतरच्या शेतावरच्या हवेत एका घनमीटरमागे हजारो बीजाणू असू शकतात. तेव्हा त्या मुलीचं गणित बरोबर आहे. आपण सगळे सतत जीव घेत बसलो आहोत.

आता इथून दोन वाटा फुटतात, आणि दोन्ही सोप्या आहेत.

पहिली म्हणजे: सगळ्यातच हिंसा आहे, मग कशाचंच काही वाटून घ्यायला नको. अर्जुनाचं वाक्य उचलून कोणीही कुठेही वापरू शकतो. कसाईखाना, जंगलतोड, युद्ध, काहीही. पापणीच्या हिंसेची आणि तलवारीच्या हिंसेची एकच रास केली की मोजायचं कारणच उरत नाही.

दुसरी वाट उलटी: मी तरी शुद्ध राहीन. पाणी गाळीन, दिवे लावणार नाही, चालणार नाही, शिजवणार नाही. माउली याच अहिंसेच्या ओव्यांत या वाटेकडे अगदी रोखून बघतात. धर्म म्हणून पाणी गाळायला बसलेल्यांच्या गाळण्यातच जीव मरतात, असं ते दाखवतात. हिंसेच्या भयाने जे धान्य शिजवतच नाहीत, ते स्वतःच्या प्राणांचे हाल करतात, आणि तीही हिंसाच असं म्हणतात. सातशे वर्षांपूर्वीच्या या ओव्या वाचताना मला दर वेळी वाटतं की यात थट्टा नाही. या मार्गाने जाणाऱ्यांची कळकळ माउलींना दिसते. पण शून्यावर यायचा हा हिशोब कधी जुळणार नाही, हेही दिसतं.

या दुसऱ्या वाटेत आणखी एक गोष्ट लपलेली असते. ती मला आमच्या भंडारा जिल्ह्यात जास्त ठळक दिसते.

पवनी तालुका तुम्हाला माहीत नसेल. वैनगंगेच्या काठी पवनी गाव आहे, तिथे जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात मोठा प्राचीन बौद्ध स्तूप मिळाला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे भिक्खूंचा वावर होता. बौद्ध विनयात वर्षावासाचा नियम आहे: पावसाळ्यात भटकू नका, एका जागी राहा. का, तर पावसात हिंडणाऱ्या भिक्खूंच्या पायाखाली कोवळं गवत आणि बारीक जीव चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली होती. भिक्खूच्या मोजक्या वस्तूंत पाणी गाळायचं फडकंही असे. आपल्या चातुर्मासातही हा भाव आहे. फार सुंदर नियम आहे हा. पण त्याच पावसाळ्यात, त्याच पवनीच्या आजूबाजूला, बायका गुडघाभर चिखलात वाकून धानाची रोवणी करत असणार. परे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, बांधीत रोवायचे. तो चिखल म्हणजे जीवांचा नुसता सागर. भिक्खूचं पाऊल थांबलं, पण त्याच्या पात्रातला भात ज्यांनी पिकवला त्यांचं पाऊल थांबलेलं नव्हतं, आणि थांबलं असतं तर पात्र रिकामं राहिलं असतं. भिक्खूंना मी नावं ठेवत नाहीये. पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून भंडाऱ्याचा तांदूळ खाणाऱ्या माझ्याबद्दल बोलतोय. एकाच्या शुद्धतेचा भार दुसऱ्याच्या हातावर पडतो.

वनपर्वातला धर्मव्याध हेच बोलतो. तो मिथिलेत मांस विकतो, आणि तपस्वी ब्राह्मण कौशिक त्याच्याकडे धर्म शिकायला येतो. व्याध म्हणतो, शेतीला लोक चांगलं म्हणतात, पण नांगराखाली किती जीव मरतात बघा. जमीन आणि आकाश जीवांनी भरलेलं आहे, चालता-बसता-झोपता ते मरतात. अहिंसेचं व्रत घेतलेले यतीही हिंसा करतातच. इथपर्यंत तो अर्जुनासारखाच वाटतो. पण पुढे एक छोटी गोष्ट जोडतो: प्रयत्नाने ती कमी होते.

कमी होते. संपते असं तो म्हणत नाही. माझ्या मते त्या मुलीच्या प्रश्नाचं दार इथे उघडतं. पण "कमी" म्हणजे काय, हे मला ग्रंथापेक्षा बांधावर जास्त कळलं.

आमच्याकडे धानावर करपा येतो. ही एक बुरशी आहे आणि तिचा प्रवास हवेतूनच होतो. पानावर होडीच्या आकाराचा डाग पडतो, मधे राखाडी, कडेने तपकिरी. अशा एका डागातून दमट रात्री हजारो बीजाणू सुटतात. पहाटेच्या दवात ते दुसऱ्या पानाला चिकटतात आणि तिथे जे करतात ते ऐकून मी थक्क झालो होतो. बीजाणूतून एक फुगीर पेशी तयार होते, तिच्या भिंतीत काळं रंगद्रव्य साचतं, आणि त्या घट्ट भिंतीच्या आत दाब वाढत जातो. किती? सुमारे 80 वातावरणांइतका, म्हणजे कारच्या टायरमधल्या दाबाच्या जवळजवळ चाळीसपट. त्या दाबाने ती पानाची त्वचा फोडून आत शिरते. लोंबीच्या मानेवर हा रोग आला की दाणा भरत नाही, लोंबी पांढरी पडून मोडते.

मोठेबाबा अजून स्वतः शेती बघतात. एका वर्षी सप्टेंबरात मी गावी होतो. आभाळ भरलेलं, रात्री दव, पानांवर डाग दिसायला लागलेले. ते पंप धुवत होते आणि मी त्यांना अहिंसेच्या ओव्यांबद्दल काहीतरी सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबू, तुमी पुन्यावाले पुन्न मोजता, आमी पोते मोजतो. आज नाई मारलं त धान गेलाच समज."

याला उत्तर नाही, आणि असूही नये. धान गेला तर काय होतं हे आपल्या देशाने पाहिलंय. 1942 च्या ऑक्टोबरात बंगालला वादळ झालं, त्यानंतर भातावर तपकिरी ठिपक्याचा रोग पसरला. तोही हवेतून जाणाऱ्या बुरशीचाच. पुढच्या वर्षी दुष्काळात लाखो माणसं मेली. पुढे काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी या रोगाला मोठं कारण मानलं. अमर्त्य सेन यांनी मात्र 1981 च्या पुस्तकात दाखवलं की धान्य तितकं कमी नव्हतं, ते विकत घ्यायची गरिबांची ताकद गेली होती. बुरशीवर सगळं ढकललं की माणसांनी काय केलं ते विचारावं लागत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. असो.

तर मोठेबाबांनी फवारलं. पण कसं, ते बघा. कृषी सहायकाच्या सांगण्यावरून त्यांनी युरिया कमी केला होता आणि तो एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने टाकला होता. कारण जास्त युरियाने पान लुसलुशीत होतं आणि करप्याला आयतं मिळतं. पेरणीआधी बियाणं मिठाच्या पाण्यात, दहा लिटरला तीनशे ग्रॅम या हिशोबाने, बुडवून तरंगणारे पोचट दाणे काढून टाकले होते. शेजारच्याने फवारलं म्हणून आपणही, असं न करता आधी बांधीत उतरून पानं उलटून पाहिली. जिथे डाग होते तिथेच मारलं. वारा पाठीशी घेऊन, तोंडाला फडकं बांधून. मजुराच्या हाती पंप द्यायची वेळ आली तेव्हा त्यालाही बांधायला लावलं आणि नंतर अंघोळीचं पाणी तापवून दिलं.

हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 2017 मध्ये आपल्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यात, कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. अहिंसेची चर्चा करताना आपण बीजाणूंचे जीव मोजतो आणि पंप पाठीवर घेतलेल्या माणसाचा श्वास विसरतो. असं होत असेल तर ती चर्चा पुस्तकी आहे.

आणखी एक गंमत सांगतो, यातून कोणताही सिद्धांत काढत नाही. करप्यावर वर्षानुवर्षं वापरलं जाणारं एक औषध आहे, ट्रायसायक्लाझोल. ते मुख्यतः बुरशीला मारत नाही. मी वर सांगितलं ते काळं रंगद्रव्य ते तयार होऊ देत नाही. मग दाब साठत नाही, आणि बुरशी पानावर येऊनही दार फोडू शकत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर अहिंसक औषध झालं! पण तेही इतकं सोपं नाही. त्याचा अंश दाण्यात उतरतो, म्हणून युरोपीय संघाने 2017 मध्ये तांदळातली त्याची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमपर्यंत खाली आणली आणि आपल्या बासमती निर्यातदारांची झोप उडाली. एका ठिकाणी कमी केलेली इजा दुसरीकडे कुठे निघते ते बघत राहावं लागतं.

आता माउलींकडे परत येऊ. त्यांचा अहिंसक माणूस कसा आहे? तो चालायचं थांबवत नाही. तो चालतो. धुळीच्या कणातही बारीक जीव असतील हे धरून चालतो, आणि त्या चालण्यातच दया असते. कमळावर बसणाऱ्या भुंग्याची उपमा माउली देतात. भुंग्याला मध हवाच असतो, तो फुलावर बसतोच, पण परागाला धक्का लागू नये इतक्या हलक्याने. माउलींनी किती जीव वाचले याची मोजणी केलेली नाही, पाऊल कसं पडतं ते पाहिलंय. पुढे ते दृष्टीबद्दल बोलतात, हातांबद्दल, वाणीबद्दल, आणि या माणसाचा श्वास सुद्धा सुकुमार असतो असं म्हणतात.

श्वास सुकुमार! पूर्वी मला हे निव्वळ काव्य वाटायचं. आता तसं वाटत नाही. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. 1930च्या दशकात विल्यम वेल्सने मांडलं की खोकल्यातला बारीक थेंब हवेतच सुकतो आणि उरलेला कण तासन् तास तरंगत राहतो. कोविडमध्ये हे आपण सगळ्यांनी अंगावर घेऊन शिकलो. तेव्हा श्वास सुकुमार ठेवणं म्हणजे काय? खोकला आला तर तोंड झाकणं. सर्दी असताना गच्च भरलेल्या हॉलमध्ये कीर्तनाला न जाणं. घरात क्षयाचा रुग्ण असेल तर खिडक्या उघडणं आणि त्याच्या गोळ्या चुकू न देणं. आमच्या भागात मी उलटंही पाहिलंय: हवेतून पसरतो म्हणून सुनेला गोठ्याशेजारी झोपवलं, ताट वेगळं केलं, आणि उपचार नियमित सुरू झाल्यावरही महिनोन्महिने तसंच ठेवलं. खरं तर औषधं नीट चालू असली की बहुतेक रुग्णांपासून होणारा संसर्ग काही आठवड्यांतच खूप कमी होतो, आणि हा जंतू ताट-वाटीतून पसरतही नाही. म्हणजे हवेतल्या जिवाचं ज्ञान हाती आलं आणि त्याचा वापर माणसाला दूर लोटायला झाला. जंतूबद्दल कळणं आणि अहिंसा कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर ताई, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. लॅबचं टेबल पूस, निःशंक पूस, कारण त्यावर कोणाचा तरी नमुना तपासला जाणार आहे. रूममेटला तू सांगू शकतेस, पण "मी शुद्ध, तू अशुद्ध" या तोंडाने नाही, कारण तसं तोंड कोणालाच मिळालेलं नाही. कोंबडीला वेदना होते, पिंजऱ्यात ती घाबरते, ते टाळणं आपल्या हातात आहे. टेबलावरच्या जिवाणूबद्दल हे म्हणता येत नाही. म्हणून या दोन हिंसा सारख्या नाहीत, एवढं तू तिला सांगू शकतेस, आणि ती काय म्हणते ते ऐकूही शकतेस. तुझ्या ताटातला भात कोणाच्या पाठीवरच्या पंपातून आलाय, हे मात्र दोघी मिळून विचारा.

आपल्या घरातला वैश्वदेव मला या निमित्ताने आठवतो. स्मृतिग्रंथांत घरातल्या हिंसेच्या पाच जागा सांगितल्यात: चूल, पाटा-वरवंटा, झाडू, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. रोजचं स्वयंपाकघरच की हे! या जागा बंद करा असं कोणी म्हटलं नाही. रोज देवाला, पितरांना, प्राणिमात्रांना, दारी आलेल्या माणसाला आपल्यातलं काढून द्या असं सांगितलं. मोठीआई अजून पहिली पोळी गाईला काढते आणि मूठभर भात कावळ्यासाठी बाहेर ठेवते. पंचसूना हा शब्द तिने कधी ऐकलेला नाही.

ज्यांना जमेल त्यांनी आज तेराव्या अध्यायातल्या अहिंसेच्या ओव्या पुन्हा एकदा सलग वाचा, पाणी गाळण्यापासून श्वासापर्यंत. मोठ्याने वाचल्या तर आणखी बरं.

उद्या पुढचं लक्षण, क्षांती.

राम कृष्ण हरी.